मातीचे मावळे आणि हाताची सवय



वसंतात व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे गावोगावी तिची लेकरे झाली. अशा व्यासपीठांवरून इतिहास, शेती, पाणी, राज्यकारभार असे भारदस्त विषय मांडले जातात. मुळशीच्या या भूमीला तर १९२१ च्या सत्याग्रहाची आणि सेनापती बापटांची आठवण आहे. येथे उभे राहून हलके बोलण्याची कोणाची छाती होत नाही. आमचा विषय मात्र जेमतेम चार बोटे उंचीचा आहे. आम्ही आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि दर दिवाळीला किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रे रंगवली. आज बोलणार आहोत ते त्या चित्रांविषयी आणि रंगवणाऱ्या हाताला लागलेल्या सवयींविषयी.

ज्या तालुक्यात कोरीगड, घनगड, कैलासगड असे खरेखुरे किल्ले उभे आहेत, त्या तालुक्यातली पोरे दिवाळीत अंगणात चार हात लांबीचा किल्ला करतात, त्यावर आळीव पेरतात आणि खऱ्या किल्ल्यांकडे पाठ करून त्यातच रमतात, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पण पोरांचे चुकत नाही. खरा किल्ला आता रिकामा असतो. अंगणातल्या किल्ल्यावर वस्ती असते. वर सिंहासनावर महाराज, खाली भालाईत मावळे, तुतारीवाला, दरवाजापाशी पहारेकरी, पायथ्याला गवळण, वाणी, नांगर धरलेला शेतकरी, आणि प्रमाणाचा काही विधिनिषेध न बाळगता शेतकऱ्याहून मोठा असा एक वाघ! पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी अशा चित्रांच्या रांगा लागतात. आमची चित्रे त्या मानाने थोडी, वर्षाला शंभर-सव्वाशे. पण काम तेच.

हे काम कसे चालते ते सांगितल्याशिवाय पुढचे ध्यानात येणार नाही. साचा दोन तुकड्यांचा असतो, एक पाठीचा आणि एक पोटाचा. दोन्हींत माती दाबायची, अर्धी सुकली की जोडायची, सांधा ओल्या बोटाने बुजवायचा, सावलीत वाळवून भाजायचे. मग खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तिचे अस्तर द्यायचे. रंग मात्र एकेका चित्राला पुरा करून देत नाहीत. एक रंग कालवला की तो शंभरही चित्रांवर एकाच बैठकीत फिरवायचा. याला आम्ही फेरी म्हणतो. पहिली फेरी तोंडाहातांची, दुसरी अंगरख्याची, तिसरी पागोट्याची, चौथी शेल्याची, पाचवी भाल्याच्या पात्याची आणि शेवटची, सर्वांत अवघड, डोळ्यामिशांची. पंचविसाव्या चित्राला पोहोचेपर्यंत मन दुसरीकडे गेलेले असते आणि हात आपला आपण चालत असतो. सवय जन्मते ती नेमकी येथे.

सवय हा शब्द आम्ही दोष म्हणून उच्चारत नाही. सवय नसती तर शंभर चित्रे दिवाळीच्या आत झालीच नसती. शिवाय पुष्कळ ठिकाणी रंगाची सवय हाच कलेचा नियम असतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी तिची एकशेवीस गोल पाने असतात. कोणत्या अवताराच्या पानांची जमीन कोणत्या रंगाची हे ठरलेले असते. तेथे चितारी जर म्हणू लागला, की या खेपेस आम्ही मत्स्यावताराची जमीन बदलून पाहू, तर खेळणाऱ्यांचा डाव मोडेल. तेथे रंग ही भाषा आहे, आणि भाषेत रोज नवा शब्द काढून चालत नाही. तेव्हा तोच रंग पुनःपुन्हा येतो एवढ्याने काही बिघडत नाही. प्रश्न एवढाच, की तो आपण आणतो, की तो आपला आपण येतो?

आमच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात निघाले. १९८४ च्या दिवाळीला आम्ही पहिल्यांदा चित्रे रंगवली, तेव्हापासून दर वर्षीचा एक मावळा ठेवून देण्याची आमची पद्धत. नेहमी तोच, उजव्या हाती भाला घेतलेला, डावा पाय पुढे टाकलेला. साचा तोच, उंची तीच. तेव्हा वर्षावर्षांत काही बदलले असेल तर ते रंगच. २०१६ साली आमच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, घरात स्वस्थ बसण्याची सक्ती झाली, आणि मग आम्ही तो डबा उघडून पडवीच्या कट्ट्यावर सारे मावळे वर्षांच्या क्रमाने उभे केले. दोघे फुटले होते. बाकीचे उभे राहिले. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडे असे ओळीने कधी पाहिलेच नव्हते!

पाहताक्षणी कालखंड दिसले. थोर चित्रकारांचे कालखंड असतात हे आपण ऐकतो. पिकासोने १९०१ पासून १९०४ पर्यंत निळ्या रंगात दुःखी माणसे काढली. त्याच्या आधी त्याच्या जिवलग मित्राने आत्महत्या केली होती. मग रंग उजळले, गुलाबी झाले. आम्ही मनात म्हटले, आमचेही असे काही असावे! आणि होतेही.

पहिली सात-आठ वर्षे भीतीची. गेरूचे पागोटे, पिवडीचा अंगरखा, काजळीच्या मिशा. दुसऱ्यांचे पाहून केलेले, काठाबाहेर न गेलेले. त्यानंतरचा कालखंड दिमाखाचा. बाजारात चमकदार रंगांच्या बाटल्या मिळू लागल्या होत्या आणि आम्ही एकही सोडली नव्हती. पोपटी पागोटे, जांभळा अंगरखा, आणि सोनेरी रंग तर भाल्यापासून वहाणेपर्यंत! त्यांच्याकडे पाहून असे वाटे, की हे लढाईला नव्हे, वरातीला निघाले आहेत. तिसरा कालखंड अभ्यासाचा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जाऊन जुनी वस्त्रे पाहिली, चार पुस्तके चाळली, आणि एकदम वैराग्य आले. सारे मावळे पांढऱ्या जाड्याभरड्या कपड्यांत. ते खरे असतील, पण पोरांनी त्यांना हात लावला नाही.

चौथा कालखंड २०१० च्या पुढचा, आणि आमच्या मते सर्वांत प्रौढ. रंग मावळलेले, पांढऱ्यात ऊन उतरल्यासारखी पिवळी झाक, कंबरपट्ट्याच्या काळ्यात गूढ निळेपणा. एका जाणत्या स्नेह्यांनी ती चित्रे पाहून, ‘आता तुमच्या हाताला गांभीर्य आले,’ असे उद्गार काढले होते आणि आम्ही ते नम्रपणे ऐकून घेतले होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या डोळ्यांनी पाहतो तो काय, पांढरा म्हणून आम्ही पिवळट वाटीत कुंचला बुडवत होतो आणि काळा म्हणून गडद निळा लावत होतो. डोळ्यातले भिंग पिवळे पडले, की निळा प्रकाश आत पुरेसा पोहोचत नाही. गडद निळे आणि काळे, फिकट पिवळे आणि पांढरे यांतला भेद पुसट होतो. श्रोतेहो, आमचा गंभीर कालखंड प्रतिभेचा नव्हता, मोतीबिंदूचा होता!

यात आम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा. फ्रान्सचा क्लोद मोने हा रंगांचा केवढा जाणकार! त्यालाही मोतीबिंदू झाला, बागेतल्या तळ्याची त्याची चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली, आणि १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला आपलेच रंग परके वाटू लागले. कालखंड ही गोष्ट मागाहून नाव द्यायची असते. ती घडत असते तेव्हा कधी दुःख काम करते, कधी बाजारातली नवी बाटली, तर कधी डोळ्यावरचा पडदा. माणूस मात्र सर्वांचे श्रेय आपल्या प्रतिभेला देतो.

परंतु आम्ही सांगायला आलो ते याहून निराळे. कालखंड बदलले, पण त्या रांगेत दोन गोष्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलल्या नव्हत्या. पागोटे लाल असो वा पोपटी, अंगरखा जांभळा असो वा पांढरा, प्रत्येकाच्या कंबरेचा शेला गेरूचा होता. आणि प्रत्येकाचे तोंड गुलाबी होते. भीती, दिमाख, वैराग्य आणि मोतीबिंदू या चारही अवस्थांतून या दोन सवयी अंगाला ओरखडा न लागता पार झाल्या होत्या. विशेष हे, की आम्हाला विचारले असते तर आम्ही त्या सांगूही शकलो नसतो.

शेल्याचे मूळ लवकर सापडले. आमची आई दिवाळीच्या आधी तुळशीवृंदावन गेरूने रंगवी, आणि उरलेली वाटी अंगणात आमच्यापाशी येई. लहानपणी आमच्या हातात आलेला पहिला रंग तो. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या जातीची माती. ती उन्हाने विटत नाही. दिमाखाच्या काळातले आमचे झगझगीत रंग डब्यात राहूनही फिके पडले. १९८४ चा गेरू कालच लावल्यासारखा आहे. अजिंठ्याच्या चित्रांतही गेरू, पिवडी, काजळी हेच मातीचे आणि चुलीचे रंग आहेत. तेव्हा शेल्याचे मूळ कळल्यावर आम्हाला ते सोडावेसे वाटले नाही. पूर्वी तो हात लावत होता, आता आम्ही लावतो, एवढाच फरक झाला.

गुलाबी तोंडांचे प्रकरण इतके सोपे निघाले नाही. ते आमच्या नातीने काढले. आठ वर्षांची पोर. कट्ट्यावरची रांग तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारले, ‘आबा, हे मावळे कुठले?’

आम्ही अभिमानाने म्हणालो, ‘कुठले म्हणजे? इथलेच. मुठे खोऱ्यातले, पौड खोऱ्यातले, कोरबारशातले. आपलेच लोक हे.’

ती पुन्हा रांगेपाशी गेली. एकेकाच्या तोंडाकडे पाहून झाल्यावर म्हणाली, ‘मग ह्यातला आपल्यासारखा कोणता?’

आम्ही रांगेकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, मग कट्ट्यावर टेकलेल्या आमच्या स्वतःच्या हाताकडे पाहिले. उत्तर देता आले नाही. ज्या हाताने आम्ही ‘आपले लोक’ रंगवीत आलो, त्या हाताचा रंग त्यांच्यातल्या एकालाही दिला नव्हता. पुस्तकांतून आम्ही अंगरख्याची वीण तपासली, वहाणेचा अंगठा तपासला. पण खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करणारी आमचीच माणसे कोणत्या वर्णाची आहेत हे पाहायला आम्हाला पुस्तक मिळाले नाही, आणि पुस्तकावाचून ते दिसलेही नाही!

तो गुलाबी आम्ही कोठून उचलला? आमच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांवरून. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. म्हणजे आपल्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. त्या आणि तसल्या छापखान्यांनी देवादिकांची चित्रे गरिबाच्या झोपडीपर्यंत नेली, हे त्यांचे मोठेच काम. पण त्यांच्याबरोबर एक कांतीही घरोघर गेली. राम-कृष्ण निळे, बाकी जो जो चांगला, पराक्रमी, पूज्य, तो तो गोरा. सावळा रंग उरला तो बहुधा राक्षसाला आणि द्वारपालाला. आम्ही तो धडा कधी मुद्दाम गिरवला नव्हता. म्हणूनच तो इतका पक्का बसला.

आपल्या जुन्या चितारींची मात्र अशी समजूत नव्हती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ‘काळी राजकन्या’ म्हणून ओळखली जाणारी एक आकृती आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीवर गोरी, गव्हाळ, सावळी, काळीभोर माणसे शेजारी शेजारी आहेत, आणि रूपात कोणी कोणाला कमी नाही. इतिहासाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. १६६४ साली सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या एस्कालियट नावाच्या पाद्र्याने एका पत्रात शिवाजीमहाराजांचे ऐकीव वर्णन कळवले. त्यात महाराज आपल्या माणसांहून वर्णाने उजळ असल्याचे तो सांगतो. हे वाक्य आम्ही पूर्वी वाचले होते आणि महाराजांपाशीच थांबलो होतो. नातीने विचारल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली. महाराज ज्यांच्याहून उजळ, ते त्यांचे लोक उजळ नव्हते. तीनशेसाठ वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसाच्या पत्रात आमचे मावळे त्यांच्या खऱ्या रंगाच्या अधिक जवळ होते. आमच्या डब्यात नव्हते.

मग आम्ही पहिल्या फेरीची वाटी बदलायला घेतली. गेरू, पिवडी, थोडा खडू, काजळीचे बोट. त्या पावसाळ्यात बांधावर उभे राहून एका पुठ्ठ्यावर निरनिराळ्या छटांचे ठिपके करून आणले. तेव्हा कळले, की माणसाचा रंग एक नसतो. टोपीखालचे कपाळ निराळे, मान निराळी, कोपरापासून खालचा हात त्याहून निराळा. एका वाटीत भागेना. तीन वाट्या झाल्या, आणि एका फेरीच्या तीन फेऱ्या.

येथे गुलाबी रंगाच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. चार बोटांच्या चित्रात सूक्ष्म छटा हातभर अंतरावरून दिसत नाही. आमचा पहिला सावळा मावळा तांबड्या मातीच्या किल्ल्यावर ठेवला आणि तो मातीत दिसेनासा झाला. नुसता अंगरखा भाला धरून उभा आहे असे वाटू लागले. फिकट तोंड लांबून ओळखू येते, ही त्याची कारागिरीतली सोय होती, आणि कदाचित म्हणूनही ते टिकले असेल. सोय काढून घेतली की तिच्या जागी दुसरे काही द्यावे लागते. आम्ही मुंडासे पांढरे केले, गालाच्या उंचवट्यावर आणि नाकाच्या दांडीवर उजळ रेघ दिली, हनुवटीखाली गडद छाया घातली, डोळ्यांतला पांढरा थोडा अधिक ठेवला. खऱ्या माणसाच्या तोंडावर इतका उजेड-अंधार नसतो. पण लहान चित्रात खरे दिसण्यासाठी थोडे वाढवून सांगावे लागते. हे जमायला दोन दिवाळ्या गेल्या.

तिसऱ्या दिवाळीला आम्ही शंभर चित्रे एका व्यापाऱ्याकडे पाठवली. साठ परत आली. ‘मास्तर, काम बारीक आहे, पण काळी चित्रे खपत नाहीत,’ असा निरोप आला. त्याला दोष द्यायला आमची जीभ रेटली नाही. बत्तीस वर्षे आम्हीच गिऱ्हाइकाच्या नजरेला गुलाबी तोंड पुरवले होते; तो आमच्याच सवयीचा हिशेब आम्हाला परत पाठवत होता. ती साठ चित्रे आम्ही गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना वाटली.

भाऊबीजेच्या दिवशी किल्ले पाहत फिरलो. एका किल्ल्यावर आमचे चौघे उभे होते आणि किल्लेदार पोरगा दुसऱ्याला ओळख करून देत होता: हा आपला दूधवाला, हा मामा, हा गुरे राखणारा आज्जा, आणि हा दरवाजावरचा, हा मी. पूर्वी आमची चित्रे पोरे मांडत असत, त्यांचे कौतुकही करत. पण त्यांतल्या एखाद्याला ‘हा मी’ असे कोणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही.

हा शेवट गोड आहे असे समजू नका. दुकानात सावळे चित्र अजून मागे राहते. आमचा हातही काही साधू झालेला नाही. गेल्या दिवाळीला डोळे थकलेले असताना रात्री एक फेरी उरकली, आणि सकाळी पाहतो तो अकरा मावळ्यांची तोंडे निम्म्याने उजळलेली! मन झोपले, की हात आपल्या जुन्या घरी जातो. त्यांना पुसून पुन्हा रंगवले. २०२४ च्या त्या दिवाळीपर्यंत एक्केचाळीस वर्षे झाली, आणि तरीही पहिल्या फेरीला आम्हाला जागे राहावे लागते.

तात्पर्य काढायचे तर एवढेच. सवय ओळखणे म्हणजे ती मोडणे नव्हे. आम्हाला दोन सवयी सापडल्या. एक ठेवली, एक सोडली. गेरूचा शेला ठेवला, कारण त्याचे मूळ पाहिल्यावर तेथे आईचा हात दिसला. गुलाबी तोंड सोडले, कारण त्याचे मूळ पाहिल्यावर तेथे आपल्याच माणसांविषयीची, कधी न बोललेली एक लाज दिसली. न पाहिलेली सवय आपल्या वतीने निवाडे करत असते, आणि सही आपली घेते. पाहिल्यावर निवाडा आपल्याकडे येतो. नवा कालखंड म्हणतात तो नव्या बाटलीने येत नाही. तो अशा एखाद्या निवाड्याने येतो.

आपण सारेच काही चित्रे रंगवत नाही. पण कोणी दारात रांगोळी काढते, कोणी गोधडी शिवते, कोणी मुलांना शिकवते, कोणी पंचायतीत बसून माणसांचे अर्ज वाचते. प्रत्येकाच्या हाताला काही ठरलेले रंग असतात. वर्षातून एकदा आपले काम ओळीने मांडून पाहावे, आणि शक्य तर शेजारी एखादे आठ वर्षांचे पोर उभे करावे. ते काय विचारील याचा मात्र भरवसा देता येत नाही.

आमचा डबा येथे टेबलावर ठेवला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना मावळे पाहायचे असतील त्यांनी अवश्य पाहावे, हातात घेऊन पाहावे. फक्त भाले सांभाळावेत.